गिअर नेमका कुठे अडतो? जुन्या स्टर्नड्राइव्ह बोटीतला शिफ्टचा बिघाड शोधणं आणि दुरुस्त करणं

बोट धक्क्याला लावायची वेळ आली आहे. वेग कमी केला, गिअरचा दांडा पुढून मधे आणला आणि इंजिन गपकन बंद पडलं. किल्ली फिरवली की लगेच चालू होतं, जणू काही झालंच नव्हतं. मोकळ्या पाण्यात तासभर फिरा, कसली तक्रार नाही. धक्का जवळ आला, गिअर बदलायची वेळ आली, की पुन्हा तेच. तुमच्या बोटीचं लक्षण हे असेल तर कार्बुरेटरला हात लावू नका. इंजिन ठणठणीत असण्याचीच शक्यता जास्त आहे. बिघाड शिफ्टच्या वाटेवर आहे आणि ती वाट शोधता येते.

मी मिशिगनमध्ये राहतो. डेट्रॉइटजवळच्या सेंट क्लेअर तलावावर आमची १९९४ सालची जुनी बोट असते. ४.३ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन आणि मागे मर्क्रूझर कंपनीचा अल्फा वन जेन टू ड्राइव्ह, म्हणजे पाण्यातला पंखा फिरवणारा बोटीबाहेरचा भाग. वर सांगितलेलं दुखणं आमच्याच बोटीचं. पहिल्या उन्हाळ्यात एका मेकॅनिकने कार्बुरेटर उघडला, पेट्रोलचा फिल्टर बदलला, आयडल, म्हणजे इंजिनचा सर्वात मंद फिरण्याचा वेग, वाढवून दिला. इंजिन बंद पडणं थोडं कमी झालं, पण गिअर आणखी जड झाला. हा तलाव उथळ आहे, वारा सुटला की चटकन लाटा उठतात. अशा वाऱ्यात, शेजारच्या बोटीपासून हातभर अंतरावर इंजिन बंद पडलं की काय होतं ते मी अनुभवलं आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात मी स्वतः एकेक जोड सोडवत मागे गेलो. दोष सापडला तो एका केबलमध्ये. ती शोधायची पद्धत इथे लिहितो आहे.

मी अल्फाबद्दलच लिहितो, कारण जुन्या बोटींवर हा ड्राइव्ह सर्रास आढळतो. १९८०च्या दशकात तो आला आणि १९९१ पासून त्याची दुसरी पिढी, म्हणजे जेन टू. दुसऱ्या कंपन्यांच्या ड्राइव्हबद्दल शेवटाकडे थोडं सांगेन.

आधी यंत्रणा डोळ्यांसमोर आणा

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत असतं आणि ड्राइव्ह मागच्या भिंतीबाहेर लटकतो. ही रचना व्होल्व्होने १९५९ साली बाजारात आणली. इंजिनची ताकद आडव्या शाफ्टने बाहेर येते, ड्राइव्हमध्ये उभी खाली उतरते आणि पुन्हा आडवी होऊन पंख्याला मिळते. अल्फामध्ये गिअर बदलतो तो अगदी खाली, पंख्याच्या शाफ्टवर. तिथे पुढचा गिअर आणि मागचा गिअर सतत फिरत असतात आणि त्यांच्या मधोमध डॉग क्लच बसलेला असतो. हा क्लच म्हणजे दोन्ही तोंडांना जाड दाते असलेली पोलादी कडी. ती पुढे सरकली की फॉरवर्ड, मागे सरकली की रिव्हर्स, मधे राहिली की न्यूट्रल.

गाडीच्या क्लचसारखं इथे घसरत घसरत जुळणं नाही. दाते एक तर पूर्ण अडकतात, नाहीतर सुटतात. म्हणूनच अल्फाचा गिअर हळुवारपणे टाकायचा नसतो. आयडलवर, एका झटक्यात, ठाम हाताने टाकायचा. खट्ट असा एकच आवाज आला पाहिजे. दांडा हळूहळू सरकवला की कर्र आवाज येतो, म्हणजे दात्यांच्या कडा एकमेकींवर घासून गोल होत असतात. चांगल्या मनाने, यंत्राला जपायचं म्हणून हळू गिअर टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याच ड्राइव्हचे दाते लवकर जातात.

आता दांड्यापासून क्लचपर्यंतची वाट. दांड्यापासून एक केबल इंजिनपर्यंत येते, तिला आपण वरची केबल म्हणू. इंजिनवर एक शिफ्ट प्लेट असते. त्या प्लेटवरून दुसरी केबल निघते, मागच्या भिंतीतून आणि रबरी भात्यातून बाहेर पडून ड्राइव्हच्या तोंडाशी, बेल हाउसिंग नावाच्या कवचात पोहोचते. ही खालची केबल. तिथून पुढे शिफ्ट शाफ्ट उभा खाली जातो आणि डॉग क्लच सरकवतो.

शिफ्ट प्लेटवर आणखी एक छोटी वस्तू असते आणि इंजिन बंद पडण्याचं कोडं तिच्यापाशी सुटतं. ती म्हणजे कटआउट स्विच. क्लचचे दाते गिअरमध्ये अडकलेले असताना त्यांच्यावर इंजिनचा जोर असतो. जोराखालचे दाते ओढून निघत नाहीत. म्हणून प्लेटवरच्या लिव्हरला व्ही आकाराची खाच दिलेली असते आणि तिच्यात एक छोटा रोलर बसतो. तुम्ही गिअर काढायला लागलात की केबलला विरोध होतो, रोलर खाचेतून वर चढतो आणि स्विच दाबतो. स्विच क्षणभर इंजिनची ठिणगी बंद करतो. जोर उतरतो, दाते सुटतात, रोलर परत खाचेत बसतो, ठिणगी परत येते. हे सगळं पापणी लवेपर्यंत घडून जातं. कान देऊन ऐकलंत तर इंजिनचा आवाज किंचित दबल्यासारखा होतो, एवढंच.

आता विचार करा, खालची केबलच जड झाली तर? दाते सुटले तरी विरोध संपत नाही. रोलर खाचेबाहेर राहतो, स्विच दाबलेला राहतो, ठिणगी परत येत नाही. इंजिन बंद. म्हणजे कटआउट स्विच आपलं काम चोख करत असतो, त्याला खोटी खबर देते ती केबल.

काम सुरू करण्याआधी

इंजिनच्या खणात पेट्रोलची वाफ साचते. ती हवेपेक्षा जड असते, तळाशी बसून राहते. झाकण उघडा, वास घ्या, ब्लोअर, म्हणजे खणातली हवा बाहेर टाकणारा पंखा, चार-पाच मिनिटं चालवा. इंजिन बंद ठेवून करायच्या प्रत्येक तपासणीत किल्ली खिशात आणि बॅटरीची काळी तार सुटी. पंख्याजवळ हात जाणार असेल तर यात तडजोड नाही. इंजिनच्या खणात बदलायचा प्रत्येक इलेक्ट्रिक भाग मरीनचाच घ्या, गाडीचा नको. मरीन भागातून ठिणगी बाहेर पडत नाही, म्हणून तो महाग असतो.

ट्रेलरवर इंजिन चालवायचं असेल तर ड्राइव्हच्या पाण्याच्या जाळ्यांवर फ्लशिंगचे रबरी कप लावून नळ सोडा. अल्फाचा पाण्याचा पंप ड्राइव्हमध्येच असतो. त्याचा रबरी इंपेलर कोरडा फिरला तर थोड्या वेळात खराब होतो.

लक्षणं नीट वेगळी करा

"गिअरचा प्रॉब्लेम आहे" या एका वाक्यात चार-पाच वेगळे आजार दडलेले असतात.

गिअर काढताना इंजिन बंद पडतं: खालची केबल, शिफ्ट प्लेट किंवा स्विच. बहुतेक वेळा केबलच.

गिअर टाकताना कर्र आवाज येतो, दांडा कसाही हलवला तरी: आधी आयडल पाहा. गिअरमध्ये असताना जुन्या कार्बुरेटरच्या इंजिनच्या मिनिटाला ६०० ते ७०० फेऱ्या हव्यात. न्यूट्रलमध्ये १०००च्या वर फिरणाऱ्या इंजिनचा गिअर टाकलात तर दाते आपटणारच. आमच्या मेकॅनिकने आयडल वाढवून हेच केलं होतं. बंद पडणं झाकलं गेलं आणि दाते मार खात राहिले.

गिअर बसतो, पण वेग घेतला की खाडकन आवाज होऊन सुटतो आणि पुन्हा बसतो: दाते झिजले आहेत, किंवा केबलची जुळणी चुकल्यामुळे क्लच पुरता आत जात नाही. असं झालं की बोट चालवणं तिथेच थांबवा.

इंजिनच्या फेऱ्या वाढतात पण बोट ढिम्म, आणि खाडखाड आवाजही नाही: हा गिअरचा दोष नसण्याची शक्यता मोठी. पंख्याच्या मधोमध रबरी हब असतो, तो सुटला की आतला शाफ्ट फिरतो आणि पाती मागे राहतात. पंख्याच्या आतल्या हबपासून बाहेरच्या नळकांड्यापर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा. पाण्यात जोर देऊन परत या. रेघ तुटून दोन ठिकाणी गेली असेल तर पंखाच दोषी. पाच मिनिटांची तपासणी आहे, ड्राइव्ह उतरवण्याआधी करून घ्या.

पहिली पायरी: इंजिन बंद ठेवून पंखा फिरवा

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इंजिन बंद असताना डॉग क्लचचे दाते समोरासमोर येऊन ठेपू शकतात. मग दांडा अर्ध्यावर अडतो. हा बिघाड नाही. जोर लावला तर केबल वाकेल किंवा कंट्रोलमधला, म्हणजे दांडा ज्यात बसवलेला असतो त्या डब्यातला, भाग तुटेल. एकाने दांडा हलवायचा आणि दुसऱ्याने त्याच वेळी पंखा हाताने सावकाश फिरवायचा, म्हणजे दाते जागा शोधतात.

आमच्याकडे दांड्यावर बायको होती आणि मी मागे पंख्यापाशी.

"फॉरवर्ड टाक."

"टाकलं."

पंखा मागून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेला फिरवला, थोडा गेला आणि टक्क करून थांबला. सुलट दिशेला फिरवला तर टक टक टक करत घसरत राहिला. सरळ फिरणाऱ्या नेहमीच्या पंख्याला फॉरवर्डमध्ये असंच व्हायला हवं. न्यूट्रलमध्ये तो दोन्हीकडे मोकळा, आवाज न करता फिरला पाहिजे. रिव्हर्समध्ये घड्याळाच्या दिशेला फिरवताना अडला पाहिजे.

"आता रिव्हर्स."

"जातंय, पण जड आहे गं बाई! दोन्ही हात लावावे लागतात."

तीनही जागा मिळतात, पण दांडा जड. म्हणजे ड्राइव्हच्या पोटातले गिअर आणि क्लच आपापल्या जागी जात आहेत, अडथळा वाटेत आहे. इथून पुढे वाटेचे तुकडे करायचे.

दुसरी पायरी: तुकडे करून तपासा

शिफ्ट प्लेटवर दोन्ही केबलींची टोकं येतात. आधी फोटो काढा, कोणती कुठल्या भोकात आणि कुठल्या खुंटीवर आहे ते दिसेल असा. केबलची लांबी जुळवणाऱ्या पितळी बॅरलवर मार्करने खूण करा, म्हणजे जुनी जुळणी हातातून जाणार नाही. मग वरची केबल प्लेटवरून सोडवा.

सुटी झालेली वरची केबल दांड्याने पुढे-मागे करून बघा. लोण्यातून सुरी जावी तशी गेली तर कंट्रोल आणि वरची केबल निर्दोष. जड गेली तर ती केबल कंट्रोलच्या बाजूनेही सोडवा. आता कंट्रोल हलका आणि केबल जड असेल तर केबल बदला. उलट असेल तर कंट्रोल उघडून साफ करा, ग्रीस लावा. वरची केबल बदलणं सोपं काम आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. जुन्या केबलची लांबी मोजून तेवढीच नवी घ्या, एवढं पुरे.

मग खालची केबल सोडवा. तिचं टोक बोटांनी धरून आत-बाहेर करा आणि त्याच वेळी कोणाला तरी पंखा फिरवायला सांगा. निरोगी केबल दोन बोटांनी हलते. अडखळली, खरखरली, मधेच जड होऊन मग सुटली, तर दोष पुढे आहे.

पण इथे लगेच निकाल देऊ नका. ड्राइव्ह सरळ असताना मोकळी असलेली केबल ड्राइव्ह वळला की घट्ट होऊ शकते. सुकाणू पूर्ण डावीकडे फिरवा, केबल हलवा. पूर्ण उजवीकडे फिरवा, पुन्हा हलवा. ड्राइव्ह थोडा वर उचलून पुन्हा. आमची केबल सरळ ड्राइव्हला जवळजवळ ठीक वाटत होती. सुकाणू एका बाजूला पूर्ण वळवलं आणि ती जागच्या जागी आवळली गेली. तेव्हा कळलं की मोकळ्या पाण्यात काही न होता धक्क्याशीच इंजिन का बंद पडतं. धक्क्याला लागतानाच आपण सुकाणू पूर्ण वळवतो आणि त्याच क्षणी गिअरही बदलतो.

दोन्ही केबली सुट्या असतानाच शिफ्ट प्लेटही बघून घ्या. लिव्हर हाताने हलवा, सोडा. रोलर व्हीच्या तळाशी आपोआप परत आला पाहिजे. स्प्रिंग तुटलेला, खुंटीवरचं ग्रीस वाळून चिकट झालेलं, रोलर गंजून फिरत नाही, असं काही दिसेल. साफ करून मरीन ग्रीस लावलं की बहुतेक प्लेटा परत चालतात. स्विचच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावा. स्विच मोकळा असताना विजेची वाट बंद, दाबला की चालू, सोडला की पुन्हा बंद. दाबूनही चालू होत नसेल तर गिअर काढताना जड जाईल. सोडूनही चालूच राहत असेल तर इंजिनला ठिणगीच मिळणार नाही.

काही जण या स्विचची तार कायमची काढून टाकतात. इंजिन बंद पडणं थांबतं खरं. पण आता जोराखालचे दाते तुम्ही केबलच्या ताकदीने ओढता. एक दिवस गिअर निघतच नाही आणि समोर धक्का असतो. खात्री करण्यासाठी मोकळ्या पाण्यात, नांगर तयार ठेवून, तारेला टेप लावून एक चाचणी घेणं वेगळं. चाचणी झाली की तार परत जागेवर.

तिसरी पायरी: ड्राइव्ह उतरवून दोष केबलमध्ये की ड्राइव्हमध्ये ते ठरवा

खालची बाजू जड आहे एवढं ठरलं तरी दोन शक्यता उरतात. केबल जड आहे किंवा ड्राइव्हमधला शिफ्ट शाफ्ट गंजून आवळला आहे. ते ड्राइव्ह उतरवल्याशिवाय कळत नाही.

आधी ड्राइव्हमधलं तेल बघा. खालचा स्क्रू थोडा सैल करून थोडंसं तेल बाटलीत घ्या. स्वच्छ असेल तर उत्तम. दुधाळ, कॉफीत दूध घातल्यासारखं असेल तर आत पाणी शिरतं आहे. स्क्रूच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप दिसला तर चिंता नको, ती नेहमीची झीज आहे. टोकदार तुकडे, चकत्या दिसल्या तर गिअर किंवा क्लच फुटतो आहे. मग ड्राइव्ह उघडावाच लागेल. ते काम शिम, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ चकत्या, आणि मोजमापांचं आहे, जाणकाराच्या टेबलावर द्या.

उतरवण्याआधी अल्फा फॉरवर्डमध्ये ठेवायचा, हा नियम विसरू नका. नाहीतर शिफ्टचा जोड अडतो. ट्रिमचे, म्हणजे ड्राइव्ह वर-खाली करणारे, सिलिंडर मागच्या बाजूने सोडवा, तेलाची आणि स्पीडोमीटरची नळी सोडवा. ड्राइव्हखाली गाडी किंवा जॅक लावून त्याचं वजन घ्या. मगच सहा नट काढा आणि ड्राइव्ह सरळ मागे ओढा. हे वजन एका माणसाने पेलायचं नाही आणि शाफ्टवर लटकतही ठेवायचं नाही.

आता समोर बेल हाउसिंग उघडं दिसतं. खालची केबल इंजिनच्या बाजूने पुन्हा हलवून बघा. ड्राइव्ह नसतानाही जड, विशेषतः हाउसिंग बाजूला वळवल्यावर? दोष केबलमध्ये. मऊ झाली? मग ड्राइव्हच्या तोंडाशी असलेला शिफ्ट शाफ्टचा शेंडा हाताने फिरवा, सोबत पंखा फिरवत. तो तीनही जागा स्पष्टपणे घ्यायला हवा. शेंडा जड असेल तर शाफ्टच्या बुशिंग आणि सीलपाशी गंज आहे.

आमचा शेंडा सहज फिरला. केबल मात्र हाउसिंग वळवताच आवळली. तिचा भाता उघडला तेव्हा त्यात पाणी होतं, आणि केबलच्या बाहेरच्या आवरणावर, भाता वाकतो नेमक्या तिथे, केसाएवढी भेग. एवढ्याशा भेगेतून किती वर्षं पाणी आत झिरपलं असेल कोण जाणे. आतली तार काढली तेव्हा बोटभर लांबीत ती तपकिरी, खडबडीत झाली होती. बाकी सगळी तार नव्यासारखी चकाकत होती. सगळा त्रास त्या बोटभर गंजाचा.

खालची केबल बदलताना

केबलमध्ये तेल फवारून ती वाचवायचा मोह होतो. चार दिवस हलकी वाटते, मग पूर्ववत. ही केबल बदलायचीच वस्तू आहे आणि ड्राइव्ह उतरवलाच आहे तर आत्ताच बदला. भाताही नवा घ्या. शिफ्ट केबलचा भाता फाटला की तलावाचं पाणी थेट बोटीत येतं. बांधून ठेवलेली बोट रातोरात बुडायला तेवढं पुरतं. त्याच बैठकीत यू-जॉइंटवरचा, म्हणजे इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टच्या वळणाऱ्या जोडावरचा, मोठा भाताही दाबून, वाकवून बघा. घडीच्या खोबणीत भेगा दिसल्या तर तोही बदला. त्या शाफ्टला आधार देणाऱ्या जिंबल बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा, खरखर लागली तर तेही याच वेळी.

काम असं: इंजिनच्या बाजूला केबलच्या टोकाचा स्क्रू सैल करून टोक काढा. बेल हाउसिंगच्या बाजूला आतली तार जोडातून सुटी करून बाहेर ओढा. मग आवरणाचा आटा सोडवा, त्याला खास पाना मिळतो. अरुंद जागेत हात पुरत नसेल तर हाउसिंगच्या बिजागरीच्या पिना काढून ते बाजूला करा. वेळ जास्त जातो, पण काम नीट होतं. आट्यावर मरीन सीलंट लावा. नवी केबल बोटीत नेताना तिला कुठेही तीव्र बाक देऊ नका. गरम एक्झॉस्टला, सुकाणूच्या दांड्याला ती टेकू देऊ नका. जुनी केबल ज्या वाटेने गेली होती ती वाट बरोबरच होती असं गृहीत धरू नका. आमची एक्झॉस्टला चिकटून गेलेली होती.

बसवून झाली की ड्राइव्ह लावण्याआधीच केबल हलवून बघा, सुकाणू दोन्हीकडे वळवून. नवी केबल इथे जड लागली तर वाट चुकली आहे, पुन्हा बसवा.

ड्राइव्ह परत चढवणं

ड्राइव्ह फॉरवर्डमध्ये, बेल हाउसिंगमधला शिफ्टचा जोडही फॉरवर्डमध्ये, दोन्ही एका रेषेत. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस, शाफ्टवरच्या ओ-रिंगा नव्या, पाण्याच्या वाटेचा सील आणि गॅस्केट नवं. ड्राइव्ह सरकताना अडला तर पंखा घड्याळाच्या उलट दिशेला थोडा फिरवा, म्हणजे शाफ्टचे दाते इंजिनच्या कपलरमध्ये जागा घेतील. तरीही शेवटची दोन बोटं फट राहिली तर नट आवळून ड्राइव्ह ओढून घेऊ नका. कुठेतरी शिफ्टचा जोड किंवा दाते चुकले आहेत, नट आवळल्याने ते मोडतील. परत मागे घ्या, बघा, पुन्हा लावा. हाताने चिकटून बसला की समोरासमोरचे नट पाळीपाळीने आवळत ५० फूट-पाउंडला आणा.

कपलर फसून बसू नये म्हणून इंजिन आणि ड्राइव्हची रेषा अलाइनमेंटच्या दांड्याने तपासणं हेही ड्राइव्ह बाहेर असतानाच उरकायचं काम. दांडा भाड्याने मिळतो.

जुळणी सर्वात शेवटी

बरीच माणसं सुरुवातच इथून करतात. गिअर जड झाला की बॅरल फिरवायला लागतात. गंजलेल्या केबलची जुळणी कितीही केली तरी ती केबल गंजलेलीच राहते, आणि मग मूळची बरोबर जुळणीही हरवते. प्रत्येक तुकडा मोकळा आहे हे ठरल्यावरच जुळणी करा.

आधी खालची केबल, मग वरची. खालच्या केबलच्या टोकाच्या भोकाचा मध्य आणि पितळी बॅरलचा मध्य यांत ६ इंच, म्हणजे १५२ मिलिमीटर अंतर ठेवा. त्यासाठी एक छोटी पट्टी हत्यार म्हणून मिळते. नसेल तर स्टीलच्या फूटपट्टीने मोजा. तुमच्या मॉडेलची पुस्तिका वेगळा आकडा सांगत असेल तर तोच धरा. ही केबल प्लेटवर बसवा.

वरच्या केबलचा दांडा न्यूट्रलमध्ये ठेवा. सगळ्या जुन्या केबलींना थोडी ढिलाई असते, ती अशी मोजा. केबलचं टोक हलकेच आत ढकला, नळीवर खूण करा. हलकेच बाहेर ओढा, दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधे टोक ठेवून बॅरल असा फिरवा की टोकाचं भोक प्लेटच्या खुंटीवर ओढाताण न करता बसेल. चिमटे, पिना लावा. नट केबलवर करकचून आवळू नका, टोक खुंटीवर फिरायला हवं.

आता पहिल्या पायरीसारखा पंखा फिरवून तपासा. फॉरवर्ड पूर्ण, रिव्हर्स पूर्ण, न्यूट्रल मोकळा. फॉरवर्डमध्ये क्लच अर्धवट राहत असेल तर प्लेटवरच्या खाचेतली खुंटी थोडी सरकवून पुन्हा. अर्धवट बसलेला फॉरवर्ड गिअर घेऊन पाण्यात जाऊ नका.

ड्राइव्हचं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून हवेचे बुडबुडे थांबून तेल येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते.

दुसरे ड्राइव्ह, खारं पाणी

सगळ्या स्टर्नड्राइव्हना वरचं लागू होत नाही. मर्क्रूझरचा ब्राव्हो आणि व्होल्व्हो पेंटाचे बरेच जुने ड्राइव्ह कोन क्लचवर चालतात, तो वरच्या भागात असतो आणि घर्षणाने पकडतो. त्यांना ठिणगी तोडण्याची गरज नसते. तिथे बिघाड झाला की गिअर घसरतो. ओएमसी कंपनीच्या कोब्रा ड्राइव्हला डॉग क्लच आणि ठिणगी दाबणारी इलेक्ट्रॉनिक मदत असते. तुकडे करून तपासायची पद्धत तिथेही चालते, पण जुळणीत तो फार नाजूक आहे आणि ओएमसी २००० साली दिवाळखोरीत गेल्यामुळे सुटे भाग शोधावे लागतात.

मुंबईत किंवा गोव्यात कोणाकडे असा जुना ड्राइव्ह असेल तर खारं पाणी हिशेबात धरा. आमच्या गोड्या पाण्यात इतकी वर्षं चाललेली केबल तिथे फार लवकर जाईल. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणं आणि अ‍ॅनोड, म्हणजे स्वतः झिजून ड्राइव्हला गंजापासून वाचवणारे धातूचे तुकडे, वेळेवर बदलणं आलंच. समुद्रात जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड चालतात, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे. पावसाळ्यात बोट ओढून किनाऱ्यावर घेता, त्या दिवसांत भाते आणि खालची केबल तपासायची सवय ठेवली तर दर्यात असताना गिअर अडणार नाही.

पाण्यातली चाचणी

ट्रेलरवर पंख्याला भार नसतो. तिथे सगळं हलकं चालतं, म्हणून शेवटचा निकाल पाण्यातच. इंजिन गरम होऊ द्या, गिअरमध्ये आयडल बघा. मग मोकळ्या जागेत फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स, न्यूट्रल, ठाम हाताने, प्रत्येक वेळी थोडं थांबून, दहा-बारा वेळा. मग हेच सुकाणू पूर्ण डावीकडे वळवून, मग पूर्ण उजवीकडे. आमच्या बोटीची खरी परीक्षा ती होती. सुकाणू वळवलेलं, दांडा मागे ओढला, इंजिन किंचित दबलं आणि लगेच सावरलं. बायकोने दांड्यावरून एक हात काढून घेतला आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी गिअर बदलून दाखवला.

या चाचणीला निघण्याआधी मात्र ट्रेलर लगेच वर नेऊ नका. भाता नवा बसवला आहे, तेव्हा बोट ट्रेलरवरून सोडल्यावर इंजिनचं झाकण उघडून टॉर्चने केबल भिंतीतून आत येते ती जागा बघा. खाली कोरडा टिश्यू ठेवा. दहा मिनिटांनी तो ओला झाला असेल तर भात्याची क्लिप नीट बसलेली नाही. बोट परत ट्रेलरवर घ्या आणि ती क्लिप पुन्हा लावा.